आईचा दोष? मेंदूचा फोटो काय सांगतो

परवा दुपारी आमच्या आळीतल्या काकू घरी आल्या. हातात पिशवी, पिशवीत औषधांच्या चिठ्ठ्या, जुने रिपोर्ट आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण. चहा टाकते म्हटलं तर म्हणाल्या, "चहा राहू दे, आधी हे वाच." कात्रणात मेंदूचा लाल-पिवळा-निळा फोटो होता आणि स्किझोफ्रेनियात मेंदूतलं डोपामिन वाढलेलं दिसतं, असं खाली छापलं होतं.

"आमच्या धाकट्याचा असा फोटो काढून मिळेल का गं? पाटल्या मोडाव्या लागल्या तरी चालतील. एकदा काढते आणि सासूबाईंच्या पुढ्यात ठेवते!"

त्यांचा धाकटा चोवीस वर्षांचा. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तो एकाएकी खोलीत बसून राहू लागला. शेजारच्या टीव्हीवर आपल्याबद्दलच बोलतात म्हणायचा. मग जेवण तपासून खायला लागला. देवऋषी झाले, उतारे झाले, शेवटी डॉक्टर झाले. आणि गेली चार वर्षं घरात एकच वाक्य: आईनं नोकरी केली, पोराकडे लक्ष दिलं नाही, म्हणून त्याचं डोकं फिरलं. काकूंना आजाराशी लढायचं होतंच. शिवाय या वाक्याशीही.

तुमच्याही माहितीत अशी एखादी आई असेल, म्हणून त्या फोटोची गोष्ट जरा सविस्तर सांगते.

आईला दोष देण्याची रीत फक्त आपल्याकडची नाही बरं का. १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रीडा फ्रॉम-राइखमान या नावाजलेल्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 'स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई' असा शब्दच काढला. पुढची कित्येक वर्षं तिकडच्या आया दवाखान्यात मान खाली घालून बसत. मग १९६६ मध्ये लिओनार्ड हेस्टन यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. आजारी आयांची ४७ मुलं, जन्मल्यावर काही दिवसांतच आईपासून दूर झालेली, दुसरीकडे वाढलेली. आजारी आईच्या हातचा एक घासही त्यांनी खाल्ला नव्हता, तरी त्यांतल्या पाच जणांना हा आजार झाला. तशाच वाढलेल्या, पण निरोगी आयांच्या ५० मुलांत एकालाही नाही. म्हणजे संगोपनाचा ठपका सुटला. मग रक्ताचा म्हणाल, तर तोही ठपका नव्हे. बहुतेक रुग्णांचे आईवडील धडधाकट असतात, आणि एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला आजार झाला तरी दुसऱ्याला निम्म्याहून अधिक वेळा होत नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. त्यात नोकरी करणारी आई नाही.

आता डोपामिन. आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मधे बारीक फट असते. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवायचा तर त्या फटीत रसायन सोडावं लागतं. डोपामिन हा असाच एक निरोप्या. पलीकडच्या पेशीवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात, तिथे तो जाऊन बसला की निरोप पोचला. हा निरोप पुष्कळदा 'इकडे लक्ष दे' असा असतो. तुम्ही दुपारी आडव्या झाला आहात, इमारतीत चार कुकरच्या शिट्ट्या होतात, तुम्हांला जाग येत नाही. पण स्वतःच्या कुकरची शिट्टी झाली की तुम्ही ताडकन उठता! कोणती शिट्टी आपली, कोणती परकी, हे ठरवण्यात या निरोप्याचा हात असतो. तो नको तिथे, नको तितका धावू लागला की इमारतीतली प्रत्येक शिट्टी आपल्यासाठीच वाजते असं वाटतं. शेजारचा टीव्ही, रस्त्यातल्या माणसाचा खोकला, सगळ्यांचाच काही तरी अर्थ आहे, आणि तो माझ्याशी निगडित आहे! मग मन त्याची संगती लावायला बसतं. टोरांटोत काम करणाऱ्या डॉ. शितिज कपूर यांनी २००३ मध्ये मांडलेली कल्पना थोडक्यात अशी. मला तरी ती वाचून काकूंच्या मुलाचं टीव्हीचं कोडं पहिल्यांदा उलगडलं.

या निरोप्याचा माग लागला त्यात आपल्या सर्पगंधेचाही वाटा आहे. वेडावर आणि रक्तदाबावर ती उपयोगी पडते, असा लेख गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्यात १९३१ साली लिहिला होता. मुंबईच्या डॉ. रुस्तुम वकिलांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचे तिचे गुण इंग्रजी मासिकात मांडले आणि जगाचं लक्ष गेलं. तिच्यातलं रेसरपिन हे द्रव्य स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना टोचलं तेव्हा ससे निपचित पडले. डोपामिन ज्यापासून बनतं ते द्रव्य दिल्यावर उठून बसले. हे १९५७ सालचं. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. दरम्यान पॅरिसमध्ये १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन हे औषध रुग्णांना शांत करत होतं, पण का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. १९७०-८० च्या दशकात कळलं की अशी सगळी औषधं डोपामिनच्या जागा अडवतात.

पण हे सगळं काचेच्या नळीत नि जनावरांत. जित्या माणसाच्या मेंदूत डोकावणार कसं? साध्या एक्स-रेत मेंदू दिसत नाही. १९७६ मध्ये लंडनमध्ये सी.टी. स्कॅन करून पाहिलं, तेव्हा जुन्या रुग्णांच्या मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या दिसल्या. आजार 'मनाचा खेळ' नाही, मेंदूत काही घडतं, हे त्यानं दाखवलं. तरी रसायनं काही दिसेनात. ती दिसली 'पेट' नावाच्या तपासणीत. यात किरणोत्सारी खूण लावलेलं द्रव्य अगदी थोडं शिरेत टोचतात. ते मेंदूत जाऊन डोपामिनच्या जागांवर बसतं, आणि डोक्याभोवतीचं यंत्र त्या खुणा टिपतं. यातली एक खूण, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, वीस मिनिटांत निम्मा होतो. म्हणून ते द्रव्य तिथल्या तिथे बनवावं लागतं, आणि त्याला सायक्लोट्रॉन हे अवाढव्य यंत्र लागतं. आपल्याकडे वैद्यकीय कामासाठीचं पहिलं सायक्लोट्रॉन मुंबईला परळमध्ये २००२ साली सुरू झालं. पेट तपासणी आज आपल्याकडे होते ती मुख्यतः कॅन्सरसाठी.

स्टॉकहोमच्या लार्स फार्डे यांनी १९८० नंतरच्या दशकात या तपासणीनं एक फार कामाची गोष्ट दाखवली. एस.टी.त आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, औषध तसंच करतं. डोपामिनच्या जागेवर रुमाल टाकतं, निरोप्याला बसू देत नाही. किती जागांवर रुमाल पडले ते फोटोत मोजता येतं! नेहमीच्या डोसांत साधारण ६५ ते ८५ टक्के जागा अडवलेल्या दिसल्या. पुढे २००० साली कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच आजारी पडलेल्या २२ रुग्णांना हॅलोपेरिडॉलचा अगदी कमी डोस दिला, रोज १ किंवा २.५ मिलिग्रॅम. ६५ टक्क्यांच्या वर जागा अडल्या की गुण येण्याची शक्यता वाढते, ७८ च्या वर गेल्या की अंग ताठरणं, हात थरथरणं सुरू होतं, असं त्यांना आढळलं. एकाच गोळीची ही केवढी अरुंद वाट! याच औषधाचे अनेक पट डोस पूर्वी सर्रास दिले जात. रुग्ण लाकडासारखे चालत ते आजारामुळेच, असं आपण समजत होतो.

आणि ७२ टक्क्यांच्या वर आणखी एक गोष्ट वाढते, ती बायकांनी तरी ऐकायलाच हवी. प्रोलॅक्टिन नावाचा दुधाचा हार्मोन. औषध घेणाऱ्या मुलीची पाळी बंद होते, दिवस गेलेले नसताना छातीतून दूध येतं. लाजेनं ती बोलत नाही, आईला भलतीच शंका येते. तुमच्या घरात असं झालं तर गोळी परस्पर बंद करू नका, पण डॉक्टरांना स्वच्छ सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं.

काकूंकडे उलटं झालं होतं. मुलगा दहा महिने बरा होता, कॉम्प्युटरच्या क्लासला जात होता. दिवसभर पेंगतो म्हणून काकूंनी मनानंच गोळी अर्धी केली. मग दिवसाआड. दोन-अडीच महिन्यांनी एका रात्री त्यानं टीव्हीची वायर कात्रीनं कापली. मी त्यांना रुमालाची गोष्ट सांगितली तेव्हा त्या गप्पच झाल्या. "म्हणजे मीच..." मी म्हटलं, "तुम्ही पेंगणाऱ्या पोराकडे बघून केलंत. पेंगतो हेच डॉक्टरांना सांगायचं होतं." काही घरांत तर औषध चहात किंवा वरणात मिसळून देतात. मुलाला कळलं की जेवणात काही मिसळतात हा त्याचा संशय खरा ठरतो, आणि मग तुमच्या हातचं पाणीही तो घेत नाही.

तर, तो फोटो. संशोधकांचं आधी भांडण होतं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या मंडळींना रुग्णांत डोपामिनच्या जागाच जास्त आढळल्या, स्टॉकहोमला तशा आढळल्या नाहीत. पुढच्या अभ्यासांतून कळलं की खरी गडबड जागांपेक्षा निरोप्याच्या कारखान्यात आहे, डोपामिन बनतंच जास्त आणि सुटतंही जास्त. लंडनच्या ऑलिव्हर हाउज यांनी २००९ मध्ये दाखवलं की आजार पुरता उमटायच्या आधीच, नुसती चाहूल लागलेल्या तरुणांतही हे वाढलेलं असतं.

पण हे सगळं सरासरीचं. दहा रुग्णांची सरासरी दहा निरोगी माणसांपेक्षा जास्त निघेल, तरी एकेकट्याचा आकडा पाहिला तर रुग्णाचा तुमच्याइतका आणि तुमचा रुग्णाइतका निघू शकतो. म्हणून असा फोटो काढून निदान होत नाही. डॉक्टर सी.टी. किंवा एम.आर.आय. सांगतात ते गाठ वगैरे दुसरं काही नाही ना, हे बघायला. 'मेंदूचा फोटो काढून वेड ओळखतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ उठून या.

शिवाय सगळ्यांचं डोपामिन वाढलेलं नसतंच. साधारण तिघांत एकाला नेहमीच्या औषधांनी पुरता गुण येत नाही. लंडनलाच २०१२ आणि २०१४ मध्ये तपासलेल्या अशा रुग्णांत डोपामिन निरोगी माणसांसारखंच निघालं, पण मेंदूच्या पुढच्या एका भागात ग्लुटामेट हा दुसरा निरोप्या जास्त दिसला. अशांना क्लोझापिन देऊन पाहतात, त्यासाठी नियमित रक्त तपासावं लागतं. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं एक नवं औषध डोपामिनच्या जागा अडवतच नाही, तिसऱ्याच निरोप्याच्या वाटेनं जातं.

एक राहिलंच. "लग्न करून द्या, सुधारेल" असं काकूंना चार ठिकाणांहून सांगण्यात आलं आहे. डोपामिनचा कारखाना मंगळाष्टकांनी बंद पडत नाही. आजार लपवून केलेल्या लग्नात त्या परक्या मुलीचं काय होतं, ते तुम्ही-आम्ही पाहिलेलं आहे. चाहूल लागली तर मुहूर्ताआधी मनोविकारतज्ज्ञ गाठा. जवळपास कुणी नसेल तर सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या नंबरावर फुकट आहे आणि मराठीत बोलते.

चहा तोवर गार झाला होता. मी पुन्हा टाकला. काकूंनी कात्रणाची घडी करून पिशवीत ठेवली. "म्हणजे सासूबाईंना दाखवायला काही नाहीच," म्हणाल्या. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी डॉक्टरांकडे त्यांनाच घेऊन जा, डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू देत.

"त्या रिक्षात बसत नाहीत गं." जरा वेळानं पुन्हा म्हणाल्या, "एस.टी.नं नेते. धाकट्याला सांगते, रुमाल टाक म्हणून."