विश्लेषण : डावखुऱ्यांसाठी आणलेला ऑफस्पिनर आणि ‘मॅचअप’चे गणित

स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळले आणि विश्वचषकात खळबळ उडवली. ब्रायन लारा रजब अलीच्या चेंडूवर ८ धावांवर यष्टीमागे झेलबाद झाला, एवढे धावफलक सांगतो. चेंडूचा टप्पा कुठे पडला, तो किती हलला, हे मोजणारी यंत्रणा तेव्हा नव्हती. ‘हॉक-आय’ क्रिकेटच्या प्रक्षेपणात आले ते २००१ मध्ये.

आता काय मोजले जाते?

मैदानाभोवतीचे कॅमेरे चेंडू टिपतात. हातातून सुटण्याची जागा, वेग, टप्पा, वळण, उसळी अशी प्रत्येक चेंडूची नोंद होते. प्रेक्षकांना हे डीआरएसपुरते दिसते. संघांचे विश्लेषक मात्र यातून ‘मॅचअप’ काढतात. म्हणजे कोणत्या फलंदाजाला कोणत्या प्रकारचा गोलंदाज, कोणत्या टप्प्यावर त्रास देतो.

गहुंजेत काय झाले?

ऑक्टोबर २०२४च्या न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत वॉशिंग्टन सुंदर तीन वर्षांहून अधिक काळानंतर कसोटी खेळला. पाहुण्यांकडे लॅथम, कॉन्वे, रवींद्र असे डावखुरे होते आणि ऑफस्पिन डावखुऱ्यापासून बाहेर वळतो. कागदावर गणित चोख होते. सुंदरने पहिल्या डावात ५९ धावांत ७ बळी घेतले.

पण बळींची यादी पाहा. सातपैकी चार फलंदाज, मिचेल, ब्लंडेल, फिलिप्स आणि साउदी, उजव्या हाताचे! डावखुऱ्या लॅथम आणि कॉन्वे यांना तर अश्विनने बाद केले. निवड फळली, पण बहुतांश बळी ज्या कारणासाठी निवड झाली त्याबाहेरचे होते. सातपैकी पाच जण त्रिफळाचीत झाले. खेळपट्टी फिरकीला साथ देत असताना अचूक टप्पा दोन्ही हातांच्या फलंदाजांना पुरून उरतो.

मग आकडे फसवे का?

तसे नाही, अडचण नमुन्याच्या आकाराची आहे. एखाद्या फलंदाजाने एखाद्या गोलंदाजाचे कारकिर्दीत जेमतेम तीस-चाळीस चेंडू खेळलेले असतात. त्यात दोनदा बाद झाला की लगेच ‘कमकुवत दुवा’ ठरतो. म्हणूनच जाणते विश्लेषक नावांची जोडी सोडून त्याच वेगाचे, त्याच टप्प्याचे हजारो चेंडू एकत्र तपासतात.

तरीही सगळे पकडीत येत नाही. त्याच कसोटीत विराट कोहली एका धावेवर सँटनरच्या खालच्या फुलटॉसवर त्रिफळाचीत झाला. त्या चेंडूला ना टप्पा होता, ना वळण. सँटनरने सामन्यात १३ बळी घेतले आणि भारत ११३ धावांनी हरला.