शेवटच्या बाकापर्यंत

म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाच्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. कर्णे नसते तर एवढ्या माणसांत कुणाचं गाणं कुणाला ऐकू गेलं असतं, असं मनात येतं आणि मराठी संगीत नाटकातले गायक-नट बालगंधर्व आठवतात. त्यांच्या उमेदीच्या काळात ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या बाकापर्यंत गळाच पोचवावा लागे.

त्याच काळात रशियात फ्योदर शल्यापिन (१८७३–१९३८) हा गायक ऑपेरा गाजवत होता. ऑपेरात स्वरन् स्वर संगीतकारानं आधीच लिहिलेला असतो. तो भूमिकेत जिवंत करणं हे गायकाचं काम. शल्यापिनचा ‘बोरिस गोदुनोव’ गाजला तो त्यामुळेच. आपल्या संगीत नाटकात पदाची चाल बसवलेली असे, पण ती किती खुलवायची हे त्या रात्री ठरे. ‘वन्समोअर’ मिळाला की तेच पद नव्या जागा घेऊन यायचं. म्हणून साथीलाही तोलामोलाची माणसं लागत. बालगंधर्वांच्या गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ होते, यातच सगळं आलं.

बालगंधर्वांचं, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंसांचं गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं नागठाणे. १९०५ साली मिरजेत ते किर्लोस्कर मंडळीच्या ‘शाकुंतल’मध्ये शकुंतला म्हणून उभे राहिले. पुढं भास्करबुवा बखल्यांकडून गाण्याची तालीम मिळाली. १९११ मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्याच प्रयोगाच्या दिवशी लेक गेली, तरी ते भामिनी होऊन रंगमंचावर आले. १९१३ मध्ये स्वतःची मंडळी निघाली. भरजरी शालूंसाठी ते ओळखले जात. मला मात्र त्यांची थोरवी ‘एकच प्याला’तल्या दरिद्री सिंधूत दिसते. तिथं शालूचा आधार नव्हता.

१९२१ मध्ये केशवराव भोसल्यांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. नंतरची वर्षं कर्जाची. ‘धर्मात्मा’ (१९३५) चित्रपटात ते संत एकनाथ झाले, पण जीव नाटकातच राहिला. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं, १५ जुलै १९६७ रोजी ते गेले.

आपल्या हाती राहिल्या त्या ध्वनिमुद्रिका. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. रात्र रात्र खुललेलं गाणं त्यात कसं मावणार? तरी ऐकताना कुठंही घाई जाणवत नाही. तान येते ती शब्दाला धक्का न लावता, आणि सिंधूचं दुःख आधी कळतं, राग कोणता ते मागून.