शेकाच्या यंत्रामागील विज्ञान आणि हिशेब

आपल्या रुग्णालयाचे देणगीदार व हितचिंतक यांच्याकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "कर्करोगाच्या रुग्णांना शेक घेण्यासाठी सुरत, नाशिक किंवा थेट मुंबई गाठावी लागते. ते यंत्र चिंचपाड्यातच का बसवीत नाही? देणगीचे आम्ही पाहू." प्रश्नामागे आपुलकी आहे, म्हणून एका वाक्यात त्याची बोळवण करणे योग्य नव्हे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. दरपत्रके, परवाने आणि देखभालीचे करार यांच्या निमित्ताने जेवढा आला तेवढाच त्याचा भौतिकशास्त्राशी परिचय. तथापि या विषयाचा बराचसा भाग हिशेबाचाच असल्याने तो मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम 'शेक' या शब्दाविषयी. ग्रामीण भागात किरणोपचाराला 'विजेचा शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, आणि या नावामुळेच अनेकांच्या मनात भाजण्याची भीती बसते. वस्तुतः या उपचारात उष्णतेचा संबंध जवळजवळ नाही. किरणमात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक ग्रे म्हणजे एक किलो वजनाच्या पेशीसमूहात एक ज्यूल ऊर्जा. एका बैठकीत साधारणतः दोन ग्रे मात्रा देतात. तेवढ्या ऊर्जेने त्या भागाचे तापमान एका अंशाच्या दोन हजाराव्या हिश्शाने वाढते. चहाचा एक घोट याहून कितीतरी अधिक उष्णता देतो. मग एवढ्या अल्प ऊर्जेने रोगपेशी मरते कशी? ऊर्जा किती यापेक्षा ती कोठे पडते याला येथे महत्त्व आहे. हे किरण पेशीच्या केंद्रातील डीएनएचे धागे तोडतात आणि धागा तुटलेल्या पेशीला पुढे विभाजन करता येत नाही. त्वचा लाल होणे, तोंड येणे हे त्रास होतात; पण ते पेशींच्या या हानीमुळे होतात, चटक्यामुळे नव्हे.

हे किरण निर्माण करण्याचे यंत्र वाटते तितके अपरिचित नाही. कोणत्याही लहान रुग्णालयातील क्ष-किरण यंत्र हा एक छोटा कणवेगवर्धकच असतो. काचेच्या निर्वात नळीत तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. पन्नास हजार ते सव्वा लाख व्होल्टच्या दाबाने ते वेग घेतात आणि टंगस्टनच्या पत्र्यावर आदळून एकदम थांबतात. या आघातातून क्ष-किरण निघतात. रंटगेन यांनी १८९५ मध्ये जे पाहिले ते हेच. छातीचा फोटो काढण्यास एवढे पुरते. शरीरात खोलवर असलेल्या गाठीपर्यंत पुरेशी मात्रा पोहोचविण्यासाठी मात्र साठ लाख व्होल्टच्या तोडीची ऊर्जा लागते. एवढा दाब खोलीत मावणाऱ्या साध्या नळीवर देऊ गेल्यास ठिणगी पडून सारे संपेल.

यावर भौतिकशास्त्रज्ञांनी शोधलेला उपाय झोपाळ्यासारखा आहे. झोपाळा उंच न्यायचा तर एकच जबरदस्त धक्का द्यावा लागत नाही. योग्य क्षणी लहान लहान धक्के देत राहिले की पुरते. व्हिडेरो या अभियंत्याने १९२८ मध्ये हे तत्त्व प्रयोगाने दाखविले. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी सूक्ष्मतरंग निर्माण करणारी साधने विकसित झाली आणि युद्धानंतर तीच रुग्णालयांच्या कामी आली. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९५३ साली अशा रेषीय वेगवर्धकावर पहिल्या रुग्णावर उपचार झाले. आजच्या यंत्रातही तांब्याच्या कप्प्यांच्या मालिकेत सेकंदाला सुमारे तीन अब्ज वेळा दोलायमान होणारे तरंग सोडतात. त्यांच्यावर स्वार झालेला इलेक्ट्रॉन फार लहान अंतरात प्रकाशाच्या वेगाच्या ९९.७ टक्के वेग गाठतो. पुढे तोच टंगस्टन आणि तोच आघात. किरण मात्र कितीतरी अधिक भेदक.

ही विद्या महाराष्ट्रात आयात यंत्रांच्या खोक्यांतून आलेली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. मुंबईत कुलाबा येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने उभारलेला 'पेलेट्रॉन' वेगवर्धक १९८८ मध्ये कार्यान्वित झाला. त्यात धातूच्या गोळ्यांच्या साखळीने विद्युत्‌भार वाहून नेऊन एक कोटी चाळीस लाख व्होल्टपर्यंतचा दाब निर्माण करता येतो. त्याचे काम अणुकेंद्रकाच्या अभ्यासाचे. रुग्णाशी त्याचा थेट संबंध नाही. परंतु निर्वात नलिका, उच्च दाब, शलाका नेमकी वळविणे ही कौशल्ये अशाच प्रयोगशाळांत घडतात. टाटा संस्थेतीलच सूक्ष्मतरंगांच्या कामातून पुढे १९८४ मध्ये 'समीर' ही संस्था स्थापन झाली. तिने प्रथम चंडीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेसाठी चाळीस लाख व्होल्टचे आणि नंतर साठ लाख व्होल्टचे वैद्यकीय वेगवर्धक देशात तयार केले. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथील रुग्णालयातही समीरचे यंत्र बसले. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे, ही गोष्ट ऐकून अनेकांना नवल वाटते. वरील हकीकत वाचल्यावर ते वाटू नये.

दुसऱ्या प्रकारचे यंत्र कोबाल्टचे. निसर्गात सापडणारा कोबाल्ट अणुभट्टीत ठेवला की त्याचे केंद्रक एक न्यूट्रॉन ग्रहण करते आणि कोबाल्ट-६० तयार होतो. तो आपणहून गॅमा किरण देत राहतो; त्याला ना वीज लागते, ना तांब्याचे कप्पे. भाभा केंद्राने विकसित केलेले 'भाभाट्रॉन' हे यंत्र याच जातीचे असून पहिले यंत्र २००५ मध्ये नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत सुरू झाले. हाच कोबाल्ट आपल्या भांडारातही अप्रत्यक्षपणे येऊन पोहोचला आहे. सिरिंज, हातमोजे, टाक्यांचे दोरे यांच्या अनेक पाकिटांवर 'गॅमा किरणांनी निर्जंतुक' असे छापलेले असते. देशात या कामाचा आरंभ तुर्भे येथील 'आयसोमेड' या केंद्राने १९७४ मध्ये केला. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ पासून कांद्यासाठी असेच केंद्र आहे. अशा पाकिटात किंवा कांद्यात किरणोत्सर्ग शिल्लक राहत नाही. दिव्याखाली ठेवलेली वस्तू दिवा मालवल्यावर प्रकाशत राहत नाही, तसेच हे.

आता हिशेब. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकवितात. एकीत दरवर्षी ठरावीक रक्कम वजा होते. दुसरीत उरलेल्या शिलकेवर ठरावीक टक्के. निसर्ग दुसरी पद्धत पाळतो. कोबाल्ट-६० चा घसारा वर्षाला सुमारे १२.३ टक्के आहे. आज त्याची शक्ती १०० धरली तर वर्षाने ती ८७.७, दोन वर्षांनी ७६.९, तीन वर्षांनी ६७.४ आणि पाच वर्षांनी ५१.८ राहते. पाच वर्षे तीन महिन्यांच्या सुमारास ती बरोबर निम्मी होते, याला अर्धायुकाल म्हणतात. हा घसारा लेखापरीक्षकालाच काय, खुद्द अर्थमंत्र्यांनाही बदलता येणार नाही. व्यवहारात याचा अर्थ असा, की जी बैठक नव्या स्रोतावर दोन मिनिटांत आटोपते तिला पाच वर्षांनी जवळजवळ चार मिनिटे लागतात. रुग्णाला मात्रा पूर्ण मिळते. मात्र दिवसाकाठी होणाऱ्या रुग्णांची संख्या घटते आणि स्रोत बदलण्याचा मोठा खर्च ठरावीक काळाने पुढे उभा राहतो. जुना स्रोत भंगारात टाकता येत नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण पोहोचले आणि एकाला प्राण गमवावे लागले, हे स्मरणात असेलच.

रेषीय वेगवर्धकाला हा घसारा नाही. बटण बंद केले की किरण बंद. पण त्याला अखंड व स्थिर वीज, थंड पाण्याचे अभिसरण, वातानुकूलन आणि हाकेच्या अंतरावर अभियंता हवा. पावसाळ्यातील आपल्या वीजपुरवठ्याविषयी येथे अधिक लिहिण्याची गरज नाही. दोन्ही यंत्रांना सुमारे दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतींची खोली आणि १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची अनुज्ञप्ती आवश्यक असते.

एवढे सारे देणगीतून उभे राहू शकेल असे क्षणभर मानू. तरीही एक गोष्ट पैशाने तडकाफडकी मिळत नाही. ती म्हणजे किरणमात्रेची आकडेमोड आणि ती करणारा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ. ठरविलेली आणि प्रत्यक्ष पोहोचलेली मात्रा यांत पाच टक्क्यांहून अधिक फरक असू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. कमी पडली तर गाठ उरते. अधिक झाली तर आतडे, मूत्राशय किंवा मज्जारज्जू यांना कायमची इजा होते. शरीर काही एकजिनसी नाही. हाड, चरबी आणि हवेने भरलेले फुप्फुस यांतून किरण निरनिराळ्या प्रकारे जातात. शरीरात मोजपट्टी घालता येत नाही, म्हणून सी. टी. स्कॅनच्या आधारे संगणकात रुग्णाची प्रतिकृती तयार करून तीवर गणित मांडावे लागते.

या गणिताची सर्वांत विश्वासार्ह पद्धत 'माँटे कार्लो' या जुगाराच्या गावाच्या नावाने ओळखली जाते. स्टॅनिस्लाव उलाम हे गणिती १९४६ मध्ये गंभीर आजारातून बरे होत असताना पत्ते मांडत बसत. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्याऐवजी शंभर डाव खेळून मोजावी, असे त्यांच्या मनात आले. अणुसंशोधनात ती युक्ती लगेच उपयोगी पडली. संगणक कोट्यवधी काल्पनिक किरणकण एकेक करून प्रतिकृतीत सोडतो. प्रत्येक कण कोठे धडकेल, कोणत्या दिशेला वळेल, किती ऊर्जा टाकेल हे त्या त्या ठिकाणच्या शक्यतेनुसार जणू फासे टाकून ठरवितो आणि शेवटी बेरीज करतो. लेखापरीक्षक सर्व पावत्या न पाहता काही निवडून तपासतो, त्यासारखेच हे. नमुना जितका मोठा तितका भरवसा अधिक. पण चूक निम्म्यावर आणायची तर कण चौपट सोडावे लागतात. त्यामुळे दैनंदिन नियोजनात याहून जलद अशी गणितेही वापरतात आणि कठीण प्रसंगी ती या पद्धतीशी ताडून पाहतात. संगणकाचे उत्तर आले म्हणजे काम संपले असेही नाही. पाण्याच्या टाकीत मापक ठेवून यंत्राची मात्रा प्रत्यक्ष मोजावी लागते. भाभा केंद्रात यासाठीचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम १९६२ पासून चालतो. असा तज्ज्ञ मोठी शहरे सोडून तालुक्याच्या गावी टिकून राहील, ही अपेक्षा मला तरी व्यवहार्य वाटत नाही.

आणि आता सर्वांत महत्त्वाची बाब. पूर्ण मात्रा एकदम न देता पाच ते सात आठवड्यांत, आठवड्याला पाच बैठका याप्रमाणे विभागून का देतात? दोन बैठकांमधील काळात निरोगी पेशी आपली दुरुस्ती करून घेतात. रोगपेशींना ती तितकीशी साधत नाही. हा फरक रोज थोडा थोडा साठत जातो. परंतु मध्ये खंड पडला, की उरलेल्या रोगपेशी चक्रवाढ व्याजाप्रमाणे वाढू लागतात आणि आधीच्या बैठकांची कमाई त्यात जाते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून व आतून द्यावयाचे सर्व किरणोपचार आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावेत, असा संकेत आहे. त्यापुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता अर्धा ते एक टक्क्याने घटते, असे अभ्यासांत आढळले आहे.

आपल्या परिसरातील रुग्णांची अडचण नेमकी येथेच आहे. दहा-बारा बैठकांनंतर रक्तस्राव थांबतो, गिळणे सोपे होते आणि घरची मंडळी म्हणतात, आता बरे वाटते आहे, चला. तेवढ्यात पेरणी येते, होळी येते, नाहीतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जाण्याची वेळ येते. शहरातील मुक्कामाचा खर्च आणि सोबत्याची बुडालेली मजुरी यांचा भार दिवसागणिक वाढतच असतो. रुग्ण परततो. यंत्र जगातील उत्तमांपैकी असले, गणित पाच टक्क्यांच्या आत असले, तरी अर्धवट सोडलेल्या उपचाराचे फळ अर्धेही मिळत नाही. खारघर येथे २०२३ पासून प्रोटॉन शलाकेने उपचार होऊ लागले आहेत. ठरावीक खोलीवर थांबून तेथेच आपली बहुतेक ऊर्जा टाकणारा हा कण लहान मुलांच्या गाठींसाठी विशेष मोलाचा आहे. त्या यंत्रालासुद्धा न आलेल्या रुग्णावर उपचार करता येत नाहीत.

म्हणून यंत्रासाठी पुढे केलेला देणगीचा हात रुग्णाच्या सहा आठवड्यांच्या मुक्कामासाठी पुढे करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पात्र कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अंगीकृत रुग्णालयांत किरणोपचाराचा खर्च मिळतो. त्यासाठी शिधापत्रिका व ओळखपत्र पहिल्याच दिवशी सोबत असावे. रेल्वेच्या शयनयान वर्गात कर्करुग्णाला पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे, मात्र विहित नमुन्यातील रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती येथे अल्प दरात राहण्याची सोय होते. जागा मर्यादित असल्याने आधी चौकशी करावी. रुग्णाला पाठविताना मावची वा भिल्ली बोलीत समजावून सांगणारी व्यक्ती सोबत असल्यास बैठकांची एकूण संख्या आणि शेवटच्या बैठकीची तारीख निघण्यापूर्वीच घरच्यांना सांगून ठेवता येते. पेरणीला घरी कोण राहणार, हे त्याच वेळी ठरवावे.