शेतकऱ्याच्या पडवींतील सुतारी घोडी

बहुतेक शेतकऱ्यांच्या घरीं वाकस, करवत, पटाशी, रंधा व गिरमिट इतकीं हत्यारें असतात. परंतु लांकूड कशावर ठेवून तीं चालवावयाचीं, याचा विचार क्वचितच केलेला आढळतो. लांकूड धोंड्यावर टेकवावें, एका पायानें दाबावें व दुसऱ्या मनुष्यास टोंक धरावयास लावावें, अशी चाल सर्वत्र दिसते. त्यामुळें काप वांकडा जातो, धोंड्यास लागून करवतीचे दांते बोथटतात, आणि लांकूड निसटलें तर पायास इजा होते. गांवची बलुतेपद्धति मोडल्यापासून सुतार वेळेवर मिळेलच अशी खात्री राहिलेली नाहीं. ऐन वाफशावर कुळवाची दिंड किंवा पाभरीचें एखादें लांकूड मोडलें, तर वाफसा सुतारासाठीं थांबून राहत नाहीं. म्हणून किरकोळ दुरुस्ती आपल्याच पडवींत करतां यावी यासाठीं घोड्यांची एक जोडी प्रत्येक शेतकऱ्यानें बाळगावी, असें आम्हांस वाटतें.

घोडी म्हणजे एक आडवें जाड लांकूड व त्यास बसविलेले चार पसरते पाय. आडव्या लांकडास आपण पाठ म्हणूं. एकटी घोडी फारशी उपयोगी नाहीं. दोन्ही एकाच मापाच्या पाहिजेत.

लांकूड कोणतें घ्यावें? पाठीस बाभूळ उत्तम. ती कठीण व चिवट असून जड असल्यानें घोडी जागची हालत नाहीं. पायांस हलकें पण सरळ रेषेचें व गांठी नसलेलें लांकूड घ्यावें. ओलें लांकूड मात्र कदापि वापरूं नये. तें वाळतांना आकसतें व सांधे ढिले होतात. बांधावरचें झाड तोडावयाचें असेल तर एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें असल्यामुळें ती सांगणें आम्ही कर्तव्य समजतों. महाराष्ट्रांत झाडें तोडण्याचें विनियमन करणारा १९६४ चा कायदा असून साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह इत्यादि झाडें त्याच्या अनुसूचींत आहेत. झाड स्वतःच्या मालकीच्या जमिनींत असलें तरी परवानगीवांचून तें तोडतां येत नाहीं. घोडीस लागणारें लांकूड थोडें आहे. तें जुन्या गाडीच्या वा मोडक्या छपराच्या सामानांतूनच बहुधा निघतें.

माप पुढीलप्रमाणें धरावें. पाठ ३ फूट लांब, ४ इंच रुंद व ३ इंच जाड. पाय ३ इंच रुंद व दीड इंच जाड; प्रत्येकी २६ इंच लांब कापून ठेवावे, जास्तीचा भाग शेवटीं छाटला जातो. घोडीची तयार उंची २२ इंच असावी. ही उंची साधारण गुडघ्याइतकी येते. त्यामुळें कापतांना डावा गुडघा लांकडावर ठेवून शरीराचा भार देतां येतो, व धरणाऱ्या दुसऱ्या मनुष्याची गरज राहत नाहीं. ज्याची त्यानें आपल्या उंचीप्रमाणें एकदोन इंच कमीअधिक करावी. दोन पाठी, आठ पाय व जोडफळ्या मिळून सव्वा घनफूट लांकूड होतें. तूट धरून दीड घनफूट पुरें.

घोडीचें सारें बळ पायांच्या उतारांत आहे. पाय सरळ उभे बसविले तर बाजूनें धक्का लागतांच घोडी कलंडते. म्हणून दर ४ इंच उंचीस १ इंच याप्रमाणें पाय बाजूस पसरावा, आणि दर ८ इंचांस १ इंच याप्रमाणें पाठीच्या टोंकाकडे कलवावा. यासाठीं पाठीच्या टोंकापासून ४ इंच सोडून दोन्ही अंगांस ३ इंच रुंद खांच आंखावी. ती वरच्या कडेस ६ सूत खोल असावी, व खालीं येतां येतां शून्यावर यावी. खांचेच्या उभ्या रेषाही वरून खालीं येईतों ३ सूत टोंकाकडे सरकतील अशा आंखाव्या. अशा खांचेंत पाय ठेवला कीं दोन्ही उतार आपोआप साधतात. पाय पाठीच्या टोंकाबाहेर जात नाहींत, म्हणून चालणाऱ्यास ठेंच लागत नाहीं.

प्रत्येक पाय अडीच इंची दोन स्क्रूंनीं आंवळावा. वाळलेली बाभूळ चिरते, यास्तव गिरमिटानें आधीं भोंक पाडल्यावांचून स्क्रू वा खिळा घालूं नये. नंतर समोरासमोरच्या दोन पायांवर, पाठीच्या लगेच खालीं, १ इंच जाडीची व ७ इंच उंचीची जोडफळी मारावी. ओझें पडल्यावर पाय फांकूं न देणें हें तिचें काम आहे.

पाय सारखे छाटण्याची युक्ति सोपी आहे. घोडी सपाट फरशीवर ठेवावी. पायांखालीं पाचरी सारून पाठ पाणसळीनें लांबीस व रुंदीस समपातळींत आणावी. मग एका लांकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून, तो फरशीवरून फिरवीत चारही पायांभोंवतीं रेघ मारावी व त्या रेघेवर कापावें. घोडी डुगडुगणार नाहीं. पायांच्या बुडांस डांबर लावलें असतां ओल व वाळवी दूर राहते.

पाठीवर आंब्याच्या फळीची १ इंच जाड पट्टी लांकडी खुंट्यांनीं बसवावी. तेथें लोखंड नको. करवत खोल गेली तरी पट्टीच कापली जाते, पाठ शाबूत राहते. पट्टी झिजली कीं बदलावी. गोल ओंडक्यासाठीं मध्यें खोलगट कोन कापलेले दोन ठोकळे पाठीवर बसवावे, म्हणजे ओंडका घरंगळत नाहीं. रंधकाम किंवा रंगकाम उभ्यानें करावयाचें असेल तर पाठीच्या बाजूस ८ इंच वर येणारी उभी फळी दोन बोल्ट व चाक्यांनीं जोडावी. काम संपतांच ती काढतां येते.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लांकूड दोन घोड्यांवर ठेवून मधोमध कापूं नये. कापतांना तें स्वतःच्या भारानें मध्यें वांकतें, कापाच्या दोन्ही बाजू वरून एकमेकींस मिळतात व करवत चिमटली जाते. हातकरवत असेल तर ती केवळ अडकते. परंतु हल्लीं घरोघर आलेली विजेची चक्राकार करवत अशा वेळीं उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून कापावयाची रेघ घोडीच्या बाहेर, पाठीपासून चारसहा इंचांवर ठेवावी. तुटणारा तुकडा मोकळा खालीं पडतो व काप उघडा राहतो. तुकडा लांब असल्यास शेवटचे दोन इंच राहिले कीं तो हातानें अलगद पेलावा, नाहींतर साल ओरबाडून निघते. मधोमधच कापणें भाग असेल, तर घोड्यांवर दोन जाड फळ्या लांबीनें टाकून त्यांवर लांकूड ठेवावें, म्हणजे कापाच्या दोन्ही बाजूंस आधार मिळतो. फळ्यांस दांते लागूं नयेत म्हणून लांकडाखालीं पट्ट्यांचे चार तुकडे, दोन अलीकडे व दोन पलीकडे, द्यावे.

एरव्हीं याच जोडीवर फळ्या टाकल्या कीं बीं निवडण्यास मेज होतें, दार रंगविण्यास बैठक होते. भिंतीस चुना देतांना उभें राहावयाचें असेल तर फळी दीड इंचाहून पातळ नसावी, व तिचीं टोंकें घोडीबाहेर फार काढूं नयेत. टोंकावर पाय पडतांच फळी उलटते.

रब्बीचें खळें आटोपल्यावर उन्हाळ्यांत हवा कोरडी असते व हातही मोकळे असतात. तेव्हांच हें काम उरकावें. मृग लागल्यावर औत मोडलें, तर दुरुस्तीची सोय पडवींत सिद्ध असेल आणि पेरणीचा दिवस वांया जाणार नाहीं.