कंटेनर दिसतो, पण सुटत का नाही?

न्हावा शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर मे १९८९मध्ये सुरू झाले, तेव्हा वर्षाकाठी एखादा कंटेनर मागवणारा छोटा आयातदार फार तर जहाज लागले का, एवढेच विचारायचा आणि उत्तरासाठी क्लिअरिंग एजंटवर विसंबायचा. २०१६मध्ये लॉजिस्टिक्स डेटा बँकेची सुरुवात याच बंदरातून झाली. कंटेनरला आरएफआयडी टॅग लागू लागले आणि तो बंदराबाहेर कधी पडला, कोणत्या टोलनाक्यावरून गेला, हे घरबसल्या दिसू लागले. साहजिकच प्रश्नही बदलला: कंटेनर समोर दिसतो आहे, तर माल आजच का मिळत नाही?

जपानी अभ्यासक नोरिआकी कानो यांनी १९८४मध्ये ग्राहकाला अनपेक्षित सुख देणारे गुण आणि त्याने गृहीत धरलेले गुण असा फरक मांडला. काळाबरोबर पहिले गुण दुसऱ्या गटात सरकतात. नवख्या ग्राहकाच्या बाबतीत हे सरकणे अधिक वेगाने होते, कारण त्याला यंत्रणेतले सांधे माहीत नसतात. टर्मिनल, शिपिंग कंपनी, कस्टम्स, कंटेनर फ्रेट स्टेशन आणि ट्रेलरवाला हे वेगवेगळे घटक आहेत, हे नेहमीचा आयातदार जाणतो. नवख्याला स्क्रीनवर एकच बंदर दिसते. २०२०मध्ये देशभर कस्टम्सचे फेसलेस असेसमेंट लागू झाल्यापासून तर माल न्हावा शेवात आणि कागद तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात, असेही होते. नकाशावरचा ठिपका यातले काहीच सांगत नाही.

यावर आक्षेप असा, की धंदा करायचा तर नियम शिकायला हवेत आणि कस्टम्सची तपासणी कोणाच्या घाईसाठी टाळता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण डिमरेजचे, म्हणजे माल वेळेत न उचलल्यास लागणाऱ्या आकाराचे, मीटर नवख्यासाठी हळू चालत नाही. शिवाय माल लवकर मिळण्याची अपेक्षा आणि उशिराचे कारण कळण्याची अपेक्षा वेगळ्या आहेत. पहिली दर वेळी पुरी होणार नाही. दुसरी मात्र माहितीच्या यंत्रणेनेच जागवली आहे आणि ती पुरवणेही तिच्याच आवाक्यात आहे.

म्हणून पुढची सुधारणा ठिपका अधिक अचूक करण्यात शोधू नये. कंटेनर कोणाकडे, कशासाठी अडला आहे आणि आयातदाराने आता काय करायचे, हे त्याच स्क्रीनवर साध्या मराठीत आणि हिंदीतही लिहावे. वाढलेल्या अपेक्षेला तेच प्रामाणिक उत्तर ठरेल.