वीज अनुकूलक (ध्वनिसंच)

वीज अनुकूलक किंवा पॉवर कंडिशनर हे घरातील वीजपुरवठा आणि विद्युत उपकरण यांच्यामध्ये जोडले जाणारे साधन आहे. वीजदाबातील चढउतार, क्षणिक उसळ्या आणि उच्च वारंवारतेचा विद्युत गोंगाट कमी करणे हे त्याचे काम असते. घरगुती ध्वनिसंचांसाठी विकल्या जाणाऱ्या अनुकूलकांच्या किमती काही हजार रुपयांपासून काही लाख रुपयांपर्यंत असतात. त्यांच्यामुळे उपकरणांचे संरक्षण होते आणि आवाजाचा दर्जा सुधारतो, असे दोन दावे केले जातात. पहिला दावा साधनाच्या प्रकारानुसार खरा ठरू शकतो. दुसरा दावा सुस्थितीतील, चांगल्या रचनेच्या उपकरणांबाबत सहसा खरा ठरत नाही.

पार्श्वभूमी

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ इतका असतो. हा दाब साइन तरंगाच्या रूपात बदलतो आणि त्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. संगणक, दूरचित्रवाणी संच, एलईडी दिवे यांसारखी अनेक उपकरणे मुख्यतः शिखराजवळच प्रवाह ओढत असल्याने प्रत्यक्षातील तरंगाचा माथा किंचित सपाट झालेला असतो. युरोपातील ईएन ५०१६० या मानकानुसार पुरवठ्याच्या दाबात ८ टक्क्यांपर्यंत एकूण विकृती ग्राह्य धरली जाते. त्यामुळे पुरवठा पूर्णतः शुद्ध नसणार, हे गृहीत धरूनच उपकरणांची रचना केली जाते.

उपकरणातील अंतर्गत व्यवस्था

अँप्लिफायर भिंतीवरील वीज थेट वापरत नाही. पारंपरिक रचनेत रोहित्र दाब बदलते, रेक्टिफायर प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो आणि उरलेले १०० हर्ट्‌झचे तरंग मोठी धारित्रे (कपॅसिटर) कमी करतात. त्यापुढे अँप्लिफायरचे मंडल स्वतःही पुरवठ्यातील तरंगांना रोखते. हा रोध ८० डेसिबल असेल, तर तरंगाचा केवळ दहा हजारावा भाग पुढे जातो. स्विचिंग प्रकारच्या पुरवठ्यात प्रवेशापाशीच गोंगाट गाळणी बसवलेली असते, आणि असे अनेक पुरवठे १०० ते २४० व्होल्टपर्यंत सारखेच चालतात. महागड्या अनुकूलकाचे बरेचसे काम अशा प्रकारे उपकरणात आधीच झालेले असते.

प्रकार

• उसळी संरक्षक: यातील व्हॅरिस्टर हा घटक अत्यल्प काळाची उसळी दुसरीकडे वळवतो. प्रत्येक मोठ्या उसळीनंतर त्याची क्षमता घटते.
• गोंगाट गाळणी: प्रेरके व धारित्रे यांच्या साहाय्याने उच्च वारंवारतेचा गोंगाट कमी करते. ५० हर्ट्‌झच्या गुणगुणीवर तिचा परिणाम होत नाही.
• स्टॅबिलायझर: दाब ठरावीक मर्यादेत ठेवतो.
• विलगीकरण रोहित्र: पुरवठा आणि उपकरण यांच्यात थेट विद्युत जोडणी राहू देत नाही.
• पुनर्जनक: येणाऱ्या विजेचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून नवा साइन तरंग निर्माण करतो. हा सर्वांत महाग प्रकार असून ऑनलाइन यूपीएसचे तत्त्व हेच आहे.

आवाजावरील परिणाम

दाब २३० व्होल्टवरून २०७ व्होल्टवर, म्हणजे १० टक्क्यांनी उतरला, तर अनियंत्रित पुरवठ्याच्या अँप्लिफायरची कमाल शक्ती सुमारे ८१ टक्के राहते. हा फरक १ डेसिबलपेक्षाही कमी असतो, आणि तोही आवाज कमाल पातळीवर असतानाच जाणवू शकतो. याउलट, काही अनुकूलकांच्या अंतर्गत रोधामुळे मोठ्या अँप्लिफायरला क्षणिक प्रवाह कमी पडण्याची शक्यता असते.

ध्वनिसंचातील सततची गुणगुण अनेकदा भूसंपर्क वलयामुळे (ग्राउंड लूप) निर्माण होते. दोन उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीशी जोडलेली असून संदेशवाहक तारेनेही एकमेकांना जोडलेली असली, की हे वलय पूर्ण होते. केबल दूरचित्रवाणीची तार हे त्याचे नेहमीचे कारण आहे. सर्व उपकरणे एकाच जोडफळीवर घेणे किंवा संदेशाच्या तारेत विलगीकरण रोहित्र बसवणे, हे त्यावरील स्वस्त उपाय आहेत. त्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढणे धोकादायक आहे. उपकरणात बिघाड झाल्यास त्याच्या धातूच्या आवरणात वीज उतरून जीवघेणा धक्का बसू शकतो.

श्रवणचाचण्या

अनुकूलक जोडल्याचे ठाऊक असलेल्या श्रोत्याच्या अनुभवावर किंमत आणि अपेक्षा यांचा प्रभाव पडतो. हा प्रभाव टाळण्यासाठी दुहेरी अंध चाचणी घेतात. तीत कोणते साधन जोडले आहे हे श्रोत्याला आणि चाचणी घेणाऱ्यालाही माहीत नसते. अँप्लिफायरच्या निर्गमावरील गोंगाट व विकृती अनुकूलकासह आणि त्याविना मोजणे, ही दुसरी कसोटी आहे. दोन्ही मापने सारखी असल्यास ऐकू येणारा फरक संभवत नाही.

उपयुक्तता

दाब वारंवार फार उतरत किंवा चढत असल्यास स्टॅबिलायझर उपयुक्त ठरतो. चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरवर अनेक रोहित्रे घरघरतात. तेथे साइन तरंगाचा इन्व्हर्टर हा थेट उपाय आहे. त्रिकला पुरवठ्यातील न्यूट्रल तार तुटल्यास घरातील दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. असा सतत टिकणारा अतिदाब साधा उसळी संरक्षक सोसू शकत नाही. त्यासाठी अतिदाबात पुरवठा तोडणारे साधन लागते. योग्य अर्थिंग ही या सर्व उपायांआधीची गरज आहे. एरवी तेवढाच खर्च चांगल्या स्पीकरवर किंवा खोलीतील प्रतिध्वनी कमी करण्यावर केल्यास आवाजात अधिक स्पष्ट सुधारणा होते.