ऑनलाइन लेखनातून कमाई : हळूहळू सुरुवात कशी करावी?



बारावी किंवा पदवी झाली की आपल्या गगनबावड्यातली बरीच मुलं-मुली कामासाठी कोल्हापूरची नाहीतर पुण्याची वाट धरतात. घरी राहून लेखनातून चार पैसे मिळतील का, असं म्हणूनच अनेकजण विचारतात. मिळतात, पण हातातलं शिक्षण किंवा काम न सोडता पायरी-पायरीने गेलं तरच.

फ्रीलान्स लेखन म्हणजे काय?

कुणाची कायम नोकरी न करता, प्रत्येक कामाचा ठरलेला मोबदला घेऊन लिहिणे म्हणजे फ्रीलान्स लेखन. वेबसाइटसाठी लेख, इंग्रजी-हिंदीतून मराठी अनुवाद, यूट्यूबच्या व्हिडिओची संहिता, वस्तूंची माहिती, मुद्रितशोधन अशी कामं यात येतात.

घाई का नको?

वि. स. खांडेकरांचं उदाहरण पाहा. 1920 साली ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक झाले. करूळ घाट उतरलं की लागतो त्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं हे गाव. शाळा सांभाळूनच त्यांनी लेखन केलं. पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' 1930 ला आली, 1936 ला 'छाया' या चित्रपटाची कथा त्यांनी लिहिली आणि 1938 ला शिरोडा सोडून ते कोल्हापूरला आले. म्हणजे तब्बल 18 वर्षं पगार आणि लेखणी सोबत चालली! काळ बदलला, माध्यम बदललं. पण घर चालवणारं उत्पन्न आधी आणि लेखनाचं नंतर, हा क्रम आजही उपयोगाचा आहे.

सुरुवातीच्या पायऱ्या

1. टायपिंग : युनिकोड मराठी शिका. मोबाइलवर बोलून टाइप करता येतं, पण नंतर ऱ्हस्व-दीर्घ तपासावंच लागतं.

2. विषय : जे जवळून पाहिलंय ते निवडा. भाताची रोप लावण, नाचणी, घाटातला पाऊस, गगनगड, पळसंब्याचं रामलिंग. वरवरची माहिती आता यंत्रही लिहून देतं. बांधावर उभं राहून पाहिलेलं फक्त तुम्हीच लिहू शकता.

3. नमुने : 400-500 शब्दांचे तीन-चार चांगले लेख तयार ठेवा. काम मागताना पदवीच्या आधी नमुना पाहिला जातो.

4. पहिलं काम : रोज एक तास द्या आणि आठवड्याला एकच काम घ्या. पावसाळ्यात वीज आणि रेंज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मुदतीच्या दोन दिवस आधीच लेख पाठवा.

दराचं गणित

समजा 500 शब्दांना शब्दामागे 60 पैसे मिळाले, तर झाले 300 रुपये. लेखाला पाच तास लागले तर तासाला 60 रुपये पडले. सरावाने तोच लेख तीन तासांत झाला तर तासाला 100. म्हणून नुसता शब्दांचा दर बघू नका, लागलेला वेळही वहीत लिहा. दर कधी वाढवून मागायचा, हे ती वहीच सांगेल.

हक्क आणि सावधगिरी

- काम, दर, मुदत, किती वेळा दुरुस्ती आणि पैसे कधी मिळणार, हे सगळं ईमेलवर लेखी घ्या.
- 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे लेखकच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. 'कायमचे सर्व हक्क' असं लिहिलं असेल तर सही करण्याआधी विचार करा.
- 'आधी नोंदणी फी भरा, मग घरबसल्या काम' असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार करा.

नोकरी कधी सोडायची?

लेखनाचं उत्पन्न सलग वर्षभर घरखर्चाला पुरलं आणि काम देणारे एकापेक्षा जास्त असले, की मग विचार करा. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलात तर त्याचं काम थांबलं की तुमची चूलही थांबते.

थोडक्यात : एक ओळखीचा विषय, तीन नमुने, रोज एक तास आणि प्रत्येक व्यवहार लेखी.

स्वाध्याय : आपल्या गावातल्या एका पिकावर किंवा ठिकाणावर 400 शब्द लिहा. किती वेळ लागला तेही शेवटी नोंदवा.